पाठीमागची गाठ

केजच्या बाजारतळामागं कापसाचं एक जुनं गोदाम आहे. पत्रे गंजलेले, पण खालची जमीन सिमेंटची आणि सपाट, वर खेळायची चटई. तिथं नाथा सर गेली एकोणीस वर्षं पोरांना तायक्वांदो शिकवतात. हा शब्द गावात धड कुणालाच उच्चारता येत नाही. कुणी कराटे म्हणतं, कुणी 'ते लाथा मारायचं' म्हणतं, आणि तहसीलमधला एक कारकून तर सरांना भर रस्त्यात "काय कुंगफू, कुणीकडं?" अशी हाक मारतो. सर हसून सोडून देतात. म्हणजे लोकांना तसं वाटतं. नाथा सरांनी आयुष्यात एकही गोष्ट हसून सोडून दिलेली नाही. सगळी आत साठवून ठेवलेली आहे, आणि त्या साठ्यापायी एका पोरीचं काय झालं ते इथं सांगायचं आहे.

नाथा मूळचा नांदूरघाटच्या शिवारातला, मेंढपाळाच्या घरचा. बाप सिदू दिवाळी झाली की मेंढरं घेऊन वाटेला लागायचा तो आखाडातच परत यायचा. पोरगं शिकावं म्हणून त्यानं नाथाला अंबाजोगाईला आश्रमशाळेत घातलं. तिथं त्याला कुणी नावानं हाक मारली नाही. पोरं 'ए मेंढक्या' म्हणायची, अंगाला लेंड्यांचा वास येतो म्हणून जेवताना बाजूला सरकायची. मग एक वर्षी खेळाचे नवे मास्तर आले आणि त्यांनी तायक्वांदो सुरू केला. पहिल्याच दिवशी नाथापुढं गावातल्या डॉक्टरचा पोरगा उभा केला. लढायच्या आधी एकमेकांना वाकून नमस्कार करायचा, असा खेळाचा नियम. तो पोरगा नाथापुढं कमरेत वाकला. नाथाला कुणी वाकून नमस्कार करायची ती पहिलीच वेळ. पुढं लोक म्हणायचे की नाथाची लाथ लई जबर, त्याला लाथेचं वेड. खरं वेड त्या वाकण्याचं होतं. ते त्याला स्वतःलाही कळलं नाही, आणि ज्याला कळायला हवं होतं त्या मास्तरांची तोवर बदली झाली होती.

म्हणून त्याच्या क्लासात शिस्त फार. भिंतीवर निळ्या ऑइलपेंटनं त्यानं स्वतःच्या हातानं चार नियम लिहिले होते. ज्याच्याशी खेळायचं त्याची गाठ आपण मारायची. जड माणसानं हलकं मारायचं. गुण गेला तर वाकायचं, रागवायचं नाही. आणि चौथा: 'कल्यो' म्हटल्यावर लाथ नाही, मारली तर महिनाभर पांढरा पट्टा. कल्यो म्हणजे थांबा. पंचानं हा शब्द उच्चारला की हात खाली.

यातला पहिला नियम दुसऱ्या कुठल्या क्लासात नसेल. छातीला बांधायचं ते जाड गार्ड असतं ना, त्याच्या नाड्या पाठीमागं असतात. आपल्या हातानं त्या बांधता येत नाहीत, कुणीतरी बांधून द्याव्या लागतात. सरांनी ठरवून टाकलं की त्या समोरच्यानंच बांधायच्या. "ज्याला तू आता मारणार हायेस ना," ते पोरांना सांगायचे, "त्याच्या पाठीशी आदी हुभा राहा. त्याचा जीव तुज्या गाठीत हाय. मग बघ तुजी लाथ कशी आपोआप हलकी हुती." आणि त्यांचं नेहमीचं वाक्य: "अहंकार चपलांसंगं भाईर काढून या." पोरं चपला काढताना एकमेकांना डोळा मारायची, पण गाठी मात्र मन लावून मारायची. मोठे लहानांच्या, पोरं पोरींच्या, पाटलाचं पोर सालगड्याच्या पोराच्या. नव्यानं आलेल्या आया ते बघून चकित व्हायच्या.

चौथा नियम सगळ्यांत कडक. मुंजाजी म्हणून सरांचा सर्वांत जुना शिष्य, मोबाइलच्या दुकानात कामाला, काळ्या पट्ट्याचा गडी. त्यानं एकदा रागाच्या भरात कल्यो झाल्यावर एका पोराला लाथ घातली. लागलं काहीच नाही. पण सरांनी जागेवर त्याचा काळा पट्टा सोडायला लावला, खिळ्यावरचा पांढरा पट्टा त्याच्या कमरेला बांधला आणि महिनाभर त्याला पहिलीदुसरीतल्या पोरांच्या रांगेत शेवटी उभं केलं. मुंजाजीची आई चंद्रभागाबाई क्लासात येऊन गयावया करू लागली, "सर, लगीन जमवायलोय हो त्याचं, लोक हासायलेत." सर म्हणाले, "मावशी, नियमाला माय नसती आन बाप नसतो." मुंजाजीनं महिना काढला. ती गोष्ट सर पुढं प्रत्येक नव्या तुकडीला सांगत. मुंजाजी तिथंच उभा असायचा आणि खाली बघायचा.

आता धनश्री. नांदूरघाटच्या रामेश्वरची पोरगी, अकरा वर्षांची असताना जीपमध्ये सहासात बायांच्या दाटीत कुणाच्या तरी मांडीवर बसून क्लासला आली, ती सात वर्षं येत राहिली. वजन एकोणपन्नास किलो. दिसायला काडी, पण पाय असा वळायचा की समोरच्याला दिसायच्या आत लागलेला असायचा. सरांना तिचं कौतुक वेगळ्याच कारणासाठी होतं. ती चिडायची नाही. गुण गेला की लगेच वाकायची, आणि तेही मनापासून. पुन्हा उभी राहिली की चेहरा धुतल्यावाणी स्वच्छ. सर म्हणायचे, एकोणीस वर्षांत मला एकच पोरगी भेटली जी मी शिकवतो ते खरंच शिकली.

ती बारावीला होती. शालेय स्पर्धांत जिल्हा जिंकला, विभाग जिंकला. विभागाच्या फायनलला तर समोरच्या पोरीला तिनं चौदा-तीन असं धुऊन काढलं. राज्याची स्पर्धा बारा दिवसांवर आली होती. वयाच्या हिशोबानं हे तिचं शेवटचंच वर्ष. रामेश्वरनं सरळ सांगितलं होतं, "सर, राज्याचं मेडल आणलं तर शिकू द्या, भरती करू द्या, मी आडवा यायचो न्हाई. न्हाई आलं तर यंदाच बार उडवून टाकतो. दोन सालापासून पावणे दम काढायलेत." राज्याचं मेडल असलं की पोलिसात खेळाडूंच्या जागांतून उभं राहता येतं, हे त्याला सरांनीच समजावलं होतं. तेव्हा त्या पोरीचं सगळं आयुष्य त्या बारा दिवसांपलीकडच्या एका मेडलवर टांगलेलं होतं, आणि हे सरांइतकं दुसऱ्या कुणालाच पक्कं माहीत नव्हतं.

तेवढ्यात सरांनी पट्टे वाटपाचा कार्यक्रम ठेवला. मंगल कार्यालय घेतलं, प्रमुख पाहुणे म्हणून सुंदररावांना बोलावलं. सुंदरराव जुने पुढारी. तहसीलजवळच्या मोकळ्या जागेत क्लासासाठी पक्कं सभागृह बांधून देतो, असं त्यांनी तीन वर्षांपासून तोंडभरून सांगितलेलं. गंजक्या पत्र्याखालून निघायचं तर हाच एक माणूस, असं सरांच्या मनानं घेतलं होतं. पाहुणे अडीच तास उशिरा आले. पोरं भुकेनं कळवळलेली, आया पेंगुळलेल्या. शाल झाली, नारळ झाला, भाषण झालं. पोरांनी फळ्या फोडल्या, उड्या मारल्या. सुंदररावांना गंमत वाटली असावी, त्यांनी माइक हातातच ठेवला होता. "नाथा, पोरांचंच दावायलास का? तू उतर की मैदानात! कुणासंगं तरी खेळून दाव."

चारशे माणूस टाळ्या पिटायला लागलं. सरांनी क्लासातल्या सर्वांत चांगल्या खेळाडूला बोलावलं. त्यांना वाटलं, हीच आपली शोभा.

नियमाप्रमाणे दोघांनी एकमेकांच्या गाठी मारल्या. धनश्रीनं सरांची मारली. सरांनी तिची मारली, दुहेरी, आणि दोनदा ओढून बघितली. त्यांच्या गाठीत कधी ढिलाई नसे. मुंजाजी पंच म्हणून मधे उभा राहिला. दोघं एकमेकांना वाकले आणि खेळ सुरू झाला.

पहिलं मिनिट सर अगदी नियमानं खेळले. पंच्याहत्तर किलोचा माणूस, पाय निम्म्या ताकदीनं सोडत होता, पोरीला चमकू देत होता. लोकांना बघायला मजा येत होती. धनश्रीही रंगात आली. तिनं उजवा पाय दाखवला, सर तिकडं झुकले, आणि जागच्या जागी गरकन फिरून तिनं टाच सरांच्या हेडगार्डवर बसवली. लागलं काही नाही. आवाज मात्र मोठा झाला, आणि हेडगार्ड फिरून सरांच्या एका डोळ्यावर आलं.

कार्यालय दणाणून गेलं. आणि माइकवरनं सुंदररावांचा आवाज आला, "अरे नाथा! एकोणीस साल पोरं शिकीवलीस का मेंढरं वळलीस बे?"

चारशे माणूस हसलं. सुंदररावांच्या मनात वाईट काही नव्हतं असं पुढं लोक म्हणाले. असल्या माणसांच्या मनात वाईट कधीच नसतं, त्यांना फक्त तोंड असतं. सरांनी हेडगार्ड सरळ केलं तेव्हा त्यांना समोर धनश्री दिसली नाही. आश्रमशाळेच्या पंगतीतून बाजूला सरकणारी पोरं दिसली.

मुंजाजीनं हात मधे घालून मोठ्यानं "कल्यो" म्हटलं होतं. धनश्री थांबली होती. गुण तिचा होता, सर वाकणार म्हणून ती वाट बघत उभी होती. लाथ मारताना तिचं हेडगार्डही सैल झालेलं, ते नीट करायला तिनं दोन्ही हात डोक्याशी नेले. हात वर गेले की गार्ड वर सरकतं आणि खालच्या बरगड्या उघड्या पडतात, हे पहिल्या महिन्यातच शिकवतात. सरांचा पाय तिथं गेला. पूर्ण ताकदीनं.

पुढं कितीतरी दिवस सर स्वतःला सांगत राहिले की गोंगाटात कल्यो ऐकूच आलं नाही. ऐकू आलं होतं. स्वच्छ ऐकू आलं होतं.

धनश्री ओरडली नाही. गुडघ्यावर बसली आणि श्वास घ्यायला तोंड उघडत राहिली. लोकांना तो खेळाचाच भाग वाटला, काहींनी टाळ्याही वाजवल्या. सुंदरराव दुसऱ्या एका साखरपुड्याला जायचं म्हणून उठले. मुंजाजीनं तिला उचललं, रिक्षात घातलं. एक्स-रे निघाला. उजव्या अंगाच्या दोन बरगड्यांना भेग. डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे हलायचं नाही. बारा दिवसांचं कुणी विचारलंच नाही.

कार्यक्रमाला न आलेला रामेश्वर दिवेलागणीला धापा टाकत दवाखान्यात आला. "सर, कशानं झालं हो?"

खोलीत चौघंच होते. कॉटवर धनश्री, एक्स-रे हातात घेतलेला मुंजाजी, दारात रामेश्वर आणि नाथा सर. खरं सांगायला तीन शब्द लागले असते. माजी चूक झाली, एवढंच. सरांच्या ओठापर्यंत आलंही होतं. पण मग तालुकाभर ते होणार, क्लासातल्या आया पोरं काढून नेणार, सभागृहाचं बारगळणार, आणि तो कारकून रस्त्यात काय हाक मारील ते एक देवालाच माहीत. एवढं सगळं एका क्षणात त्यांच्या डोक्यात येऊन गेलं, आणि ते म्हणाले, "गार्डची गाठ सैल राहिलती. सरकलं गार्ड. खेळात हुतं आसं."

रामेश्वर पोरीकडं वळला. "सात साल झाले जायलीस, आन एक गाठ मारता येत न्हाई व्हय गं तुला?"

त्या बापड्याला काय माहीत गाठ कुणी मारायची असते. धनश्रीनं सरांकडं बघितलं. ती नुसती बघत राहिली, सर काही बोलतात का म्हणून. सरांनी मुंजाजीच्या हातातला एक्स-रे घेतला आणि दिव्याच्या उजेडाला धरून तो वाचत बसले. त्यातलं त्यांना काही कळत नव्हतं. गुरूला चारचौघांत खोटं पाडायचं नाही, हेही सरांनीच शिकवलेलं होतं. मग ती बापाला म्हणाली, "हौ आबा. सैल राहिली."

मुंजाजी खोलीतून बाहेर गेला.

सोमवारी सर क्लासात अर्धा तास आधी गेले. खिळ्यावर तो पांढरा पट्टा लटकत होता. त्यांनी तो काढून हातात घेतला. खोटं कशाला बोलावं, मनातून त्यांना तो बांधायचा होता. एक महिना पहिलीदुसरीतल्या पोरांत उभं राहायचं. मुंजाजी नव्हता का राहिला? पण बेचाळीस वर्षांचा माणूस, तिसऱ्या डिग्रीचा काळा पट्टा, आणि गुरूच शेवटच्या रांगेत गेला तर शिस्त कोण लावणार? पोरांच्या मनात गुरूबद्दल काय राहणार? पोरांच्या भल्यासाठीच आपण हे करू नये, असं त्यांना वाटायला लागलं. माणसाला स्वतःच्या फायद्याची गोष्ट करायची असली की त्याला दुसऱ्याचं भलं फार पटकन सुचतं. त्यांनी पट्टा परत खिळ्याला लावला.

पोरं आली, रांगा लागल्या. सगळ्यांनी सरांच्या कमरेकडं बघितलं. पट्टा काळाच होता. मुंजाजी पहिल्या रांगेत उभा होता. जोड्या लावल्यावर त्यानं पाठ फिरवली ती त्याच्याशी खेळणाऱ्या पोराकडं नाही, आपल्या दोस्ताकडं. "बांद बे," म्हणाला. दोस्तानं गाठ मारली.

पंधरा दिवसांत ते सगळ्या क्लासभर झालं. जो तो आपल्या भरवशाचं माणूस शोधायला लागला. कुणाची बहीण, कुणाचा मित्र. एकदोन आया तर क्लास संपेपर्यंत बसूनच राहू लागल्या, गाठ बघायला. शेवटी एक दिवस सर कडाडले, "नियम काय हाय? वर काय लिवलंय भितीवर? समोरच्याची गाठ कावून मारत न्हाई?"

आरोही म्हणून एक दहाअकरा वर्षांची पोरगी होती, पिवळ्या पट्ट्याची. तिला सरांची फार भीती वाटायची. ती भीतभीतच म्हणाली, "सर, सैल राहिली तर?"

सरांना वाटलं तिच्या थोबाडीत द्यावी. मग वाटलं आपल्याच द्यावी. त्यातलं काहीच त्यांनी केलं नाही, लाथांचा सराव सुरू केला.

राज्याची स्पर्धा झाली. धनश्रीच्या जागी विभागातली दुसऱ्या नंबरची पोरगी गेली, तीच चौदा-तीनवाली. ती ब्राँझ घेऊन आली. पेपरात तिचा फोटो होता. सरांनी तो पेपर घडी करून गादीखाली ठेवला, कशासाठी ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

पौषात सर नांदूरघाटला आईबापाकडं गेले. सिदू आता म्हातारा झाला, लांब जाणं बंद. दारात पंधरा-वीस मेंढरं आणि दोन एडके तेवढे उरलेले. ताराबाईनं भाकरी वाढली. सरांनी जेवता जेवता गोष्ट काढली, ती खेळात कसं लागतं वगैरे वळणानं. सिदूनं त्याला पुरं बोलू दिलं नाही.

"आयकलंय म्या बाजारात," तो म्हणाला. "पोरीनं हात वर केलते म्हणं."

"आबा, खेळात हुतं तसं."

सिदू एडक्यांकडं बघत होता. "दोन एडके झुंजत्यात. एकानं पाठ फिरीवली की दुसरा बी थांबतो. जनावर हाय, पर थांबतं. यखादा आसतो, पाठ दिल्याव बी टक्कर देतो. तसला एडका म्या कदी कळपात ठिवला न्हाई. कितीबी उमदा आसू दे. नेकनूरच्या बाजारात न्हेऊन इकला."

सर ताटावरून उठले. "म्या काय एडका हाय का आबा?"

"न्हाई," सिदू म्हणाला. "एडक्याला कळत नसतंय."

ताराबाई म्हणाली, "खाऊ तर द्यावं लेकराला." पण सर हात धुऊन बाहेर पडले होते.

संताप तर आलाच होता, पण त्या संतापात त्यांनी गाडी केजकडं न घेता गावाच्या वेशीकडं वळवली. आज सांगून टाकायचं. रामेश्वरच्या दारात उभं राहून सांगायचं की गाठ मी मारली होती, घट्ट मारली होती, पोरीची चूक नव्हती. पुढच्या वर्षी मोठ्या गटातून तिला उतरवतो, खर्च माझा, लग्नाची घाई करू नका. सगळी वाक्यं त्यांनी गाडीवर मनात जुळवली. तेवढी दहा मिनिटं नाथा सर पुन्हा चांगले माणूस होते.

रामेश्वरच्या दारात चारचाकी उभी होती. ओसरीत सतरंजी, सतरंजीवर पाचसहा टोप्या-फेटे. पाहुणे पोरगी बघायला आले होते. रामेश्वर सरांना बघून धावतच आला. "या या सर! देवावाणी आलात बगा." हाताला धरून त्यानं सरांना सतरंजीवर बसवलं. "हे आमच्या धनूचे सर. केजात ह्यांचा लई मोठा क्लास हाय. सर, तुमीच सांगा ह्यांना. पोरगी कशी हाय आमची?"

सगळे सरांकडं बघायला लागले. मुलाच्या चुलत्यानं मोठ्या आदरानं पुढं सरकून सरांना पाण्याचा तांब्या दिला. तेवढ्यात आतून धनश्री पोह्यांचं ताट घेऊन आली. नऊवारी नेसवलेली, डोक्यावर पदर. ताट खाली ठेवताना उजव्या अंगाला ती किंचित थबकली, आणि मग डावीकडं झुकून तिनं ते ठेवलं. हे सरांशिवाय कुणाच्या लक्षात आलं नाही.

सांगायचं होतं ते इथंच सांगता आलं असतं. पण पाहुण्यांत, आदरानं पाणी दिलेल्या माणसांत, रामेश्वरची बेअब्रू कशी करायची? पुन्हा दुसऱ्याचंच भलं. सरांनी घसा साफ केला. "पोरगी लई शिस्तीची हाय," ते म्हणाले. "सात वर्सं बगतोय मी. कदी चिडायची न्हाई. मोठ्या माणसाला कदी उलट बोलायची न्हाई."

"बास!" मुलाचा चुलता म्हणाला. "आमाला दुसरं काय पायजे?"

धनश्री उभी होती. तिनं एकदाच मान वर केली आणि मग आत निघून गेली. सरांनी पोहे खाल्ले. चांगले झाले होते.

माघात सुपारी फुटली. त्याच आठवड्यात तहसीलजवळच्या मोकळ्या जागेवर पत्रे ठोकले गेले, तिथं सुंदररावांच्या मेव्हण्याचे दुकानगाळे निघणार होते. सर भेटायला गेले तर सुंदरराव म्हणाले, "नाथा, बगू पुढल्या साली," आणि वर हसत विचारलं, "ती लाथ मारणारी पोरगी कुठं हाय रं तुजी?"

लग्नाला चार दिवस उरले असताना ही गोष्ट घडली. संध्याकाळचा क्लास भरला होता. सरांना त्या दिवशी वाटलं की आपणच खेळायला उतरावं, म्हणजे पोरांचा विश्वास परत येईल. त्यांनी छातीला गार्ड लावलं, मुंजाजीला समोर बोलावलं आणि नियमाप्रमाणे पाठ फिरवून उभे राहिले, तो गाठ मारील म्हणून.

मुंजाजी हलला नाही. सर नाड्या लोंबत ठेवून उभे. त्यांच्यापुढं भिंत होती, आणि भिंतीवर निळ्या अक्षरांत पहिलाच नियम. मागं तीसेक पोरं असतील. वळून बघावं तर अविश्वास दिसतो, हाक मारावी तर मान जातो. ते तसेच उभे राहिले. किती वेळ गेला कुणास ठाऊक. त्यांच्या मानेवरून घाम खाली यायला लागला.

मग चपला काढल्याचा आवाज आला. अनवाणी पावलं चटईवरून आली, आणि कुणीतरी त्यांच्या पाठीमागच्या नाड्या हातात घेतल्या. सरांना इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. मुंजाजीचं मन वळलं असं त्यांना वाटलं. नाड्या ओढल्या गेल्या, एक गाठ, वर दुसरी. मग त्या हातांनी गाठ दोनदा ओढून बघितली. बांगड्या वाजल्या.

"घट्ट हाय, सर," धनश्री म्हणाली. "समदे बगायलेत. आता सैल हुती म्हणू नका."

सर वळले. हळद अजून लागायची होती, पण हातात हिरवा चुडा भरलेला. क्लासाचं गार्ड आणि हेडगार्ड ती परत द्यायला आली होती, ते तिनं आत येतानाच पिशवीतून काढून दाराजवळ भिंतीशी ठेवलं होतं. सर सवयीनं वाकले. पहिल्यांदाच तिच्याआधी वाकले, कमरेतून, पूर्ण. वर बघितलं तेव्हा ती दारात पोचली होती. क्लास सोडून जाताना वाकायचं असतं, तो नियम तिनं पाळला. ती वळली, चटईला वाकली, मुंजाजीला वाकली, त्या पिवळ्या पट्ट्याच्या आरोहीला वाकली. सरांपाशी तिची नजर आली आणि तशीच पुढं गेली.

नांदूरघाटची शेवटची जीप सुटायला आली होती. तिनं चपला घातल्या आणि ती निघून गेली.

पोरं गेल्यावर सरांनी गार्ड काढायला हात मागं नेले. गाठ दुहेरी होती, त्यांनीच शिकवलेली, आणि ती त्यांच्या बोटांना लागेना. पत्र्याच्या शेडमध्ये ते गार्ड अंगात तसंच ठेवून बसून राहिले.